मपलं, तुपलं

साळवेकाकांच्या गेटवर पत्र्याची एक पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या ऑइलपेंटनं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ‘माणसांनी सरळ आत यावे. सरकारी माणसांनी कडी वाजवून बाहेर थांबावे.’ गल्लीत नवा भाडेकरू आला की पाटी वाचून हसायचा. मग कुणीतरी त्याला सांगायचं, हसू नको, म्हातारा ते खरंच पाळतो.

पाळताना मी पाहिलेलं आहे. पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाला आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी माझं औषधांचं दुकान. काउंटरमागं बसलं की काकांचं गेट तिरकं पण स्वच्छ दिसायचं. एका उन्हाळ्यात कसलातरी सर्व्हे घेऊन एक शिक्षिका दारोदार फिरत आल्या. त्यांनी कडी वाजवली. काकांनी गेटबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची आणून ठेवली, माठातलं पाणी दिलं, आत कौसल्याकाकूंना चहा टाकायला सांगितला आणि स्वतः उभे राहिले. बाईंनी विचारलं, घरात माणसं किती. काका म्हणाले, दोन. मग टीव्ही आहे का, फ्रीज आहे का, गाडी कोणती, संडास आत की बाहेर, असं सुरू झालं. काका शांतपणे म्हणाले, “बाई, माणसं मोजा. आमच्या घरातल्या वस्तू मोजायला तुमाला कुणी शिकवलं?” बाई रडकुंडीला आल्या. रकाना रिकामा राहिला तर वरून बोलणी बसतात, असं त्यांनी सांगितलं. काकांना त्यांची खरंच दया आली. ते म्हणाले, “मंग लिहा, घरमालक आडमुठा हाय. ते खरं हाय, त्याला माझी हरकत नाय.” चहा पिऊन बाई पुढच्या घराकडं गेल्या. काकांनी खुर्ची पुसून आत नेली.

भानुदास साळवे त्यांचं पूर्ण नाव. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते वेल्डर होते. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करत बसले. काकांनी घरापुढं पत्र्याचं शेड टाकून गेट, ग्रिल, खिडक्या बनवायला सुरुवात केली. गारखेड्यात निम्म्या घरांना त्यांनी केलेली गेटं होती. उंच, पाठीत थोडे वाकलेले, डाव्या डोळ्यातून सतत पाणी येणारे. डोळ्याचे थेंब माझ्याकडूनच न्यायचे. दुकानात इतकी वर्षं आले, पण कधी काउंटरला रेलले नाहीत. माझा पेपर समोर पडलेला असायचा, रोज विचारायचे, “ताई, घेऊ का?” आणि मी हो म्हटल्यावरच उचलायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, काका, रोज काय विचारता. ते म्हणाले, “पेपर तुपला हाय ना. काल दिला म्हून आज माझा होत नाय.”

मपलं आणि तुपलं, आमच्या मराठवाड्यातले हे दोन शब्द. माझं स्वतःचं ते मपलं, तुझं स्वतःचं ते तुपलं. काकांचं सगळं तत्त्वज्ञान या दोन शब्दांत मावायचं. ते म्हणायचे, दुनियेत मपलं आणि तुपलं एवढंच खरं. सरकारी म्हणून जे असतं ते दोघांकडून काढून घेतलेलं. कुणी कागदावर काही फुकट मिळतंय म्हणून सांगायला आलं, तर हात जोडायचे. रेशनकार्ड त्यांनी काढलं नव्हतं. त्यांच्या बैठकीत घटनेच्या पहिल्या पानाची फ्रेम होती आणि तिच्यावर कधी धूळ नसायची. मी एकदा विचारलं होतं, घटना इतकी मानता आणि सरकारला दारात उभं करत नाही, हे कसं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी औषधाची एक्स्पायरी न बघता बाटली दिली. “घटना येगळी, सरकार येगळं,” ते म्हणाले. “घटना म्हंजे सरकारच्या गळ्यातलं दावं. लोकांनी दावं दिलं सोडून, अन् जनावराच्याच पाया पडायला लागले.”

हा ताठा सगळ्यांशी सारखा होता. नगरसेवकानं गल्लीत स्वतःच्या नावाचे सिमेंटचे बाक वाटले, त्यातला एक काका गावाला गेलेले बघून त्यांच्या गेटशेजारी बसवला. काकांनी परत आल्यावर तो बोल्ट काढून सोडवला, एक ओरखडा न पडू देता हातगाड्यावर चढवला आणि नगरसेवकाच्या बंगल्यापुढं नेऊन उतरवला. म्हणाले, तुमची वस्तू आमच्या दारात राहिली होती. एप्रिलमधल्या जयंतीच्या मंडपाचा खांब पोरांनी त्यांच्या भिंतीला बांधला, तेव्हा तोही सोडायला लावला. पोरं त्यांच्याच समाजातली, चिडली, म्हणाली तुम्ही जय भीमवाले हाय का नाय. काका म्हणाले, “जयंती आपल्या समद्यांची हाय. भिंत माझ्या एकट्याची हाय.” त्या वर्षी सगळ्यात मोठी वर्गणी त्यांनीच दिली, पण पोरांचा राग त्यानं गेला नाही. असा माणूस आवडणं सोपं नसतं. मला तो आवडायचा, आणि बऱ्याचदा आवडायचाही नाही.

ताठा कुठून आला ते एकदाच बोलले. बाहेर उन्हाचा कडाका होता, गिऱ्हाईक नव्हतं. “माझ्या आज्याला जागा गावानं दिली. गावाबाहेर, वढ्याकाठी, जिथं गावाची मर्जी व्हती तिथं. बापाची जागा सरकारनं तलावात घेतली. दाराला खडूनं नंबर टाकला, तेवढीच आमाला खबर. ताई, ही पहिली जागा हाय जी आमच्यातल्या कुणीतरी सोताहून घेतली.” एवढं बोलून पेपर घडी घालून, होता तसाच ठेवला.

त्या जागेचा कागद मात्र धड नव्हता. त्यांचाच काय, आमच्या गल्लीत कुणाचाच नव्हता. एका शेतकऱ्यानं शेताचे तुकडे पाडले, गुंठा-गुंठा करून बाँडपेपरवर लोकांना विकले, लोकांनी घरं बांधली. नकाशा मंजूर नाही, रस्ता कुणी आखलेला नाही. कुणाचा ओटा पुढं आलेला, कुणाची गॅलरी. कायद्याच्या नजरेतून बघायला गेलं तर आमची सगळी गल्लीच चुकीच्या जागी उभी होती. म्हणून काकांचा एक नियम सगळ्यांनी मानलेला होता: गल्लीतलं भांडण गल्लीतच मिटवायचं. ऑफिसात नेलं की ते आपलं राहत नाही, असं ते बजावायचे.

आणि भांडणं तेच मिटवायचे. डबे करणाऱ्या निकमबाईंच्या अंगणात शेवग्याचं झाड होतं, त्याची फांदी शेजारच्या रिटायर्ड कंडक्टरच्या अंगणात झुकलेली. कंडक्टर शेंगा तोडायचे, निकमबाई भांडायच्या, प्रकरण चौकीपर्यंत जायला निघालं. काका आले, झाडाखाली उभे राहून दोघांचं ऐकलं आणि निकाल दिला: मूळ ज्याच्या दारात, शेंग त्याची, पण पाला ज्याच्या दारात पडतो, त्याला दर बहाराला पोटभर भाजी. निकमबाई दर बहाराला कंडक्टरच्या घरी शेंगांची आमटी पाठवायला लागल्या. पुढं त्या दोन घरांत बोलणं कमी आणि आमटी जास्त असं झालं, पण भांडण संपलं. टाकीचं पाणी कुणाकडं सांडतं, स्कूटर कुणाच्या दारात लावायची, सांडपाण्याचा पाइप कुठून न्यायचा, सगळं त्यांच्या शेडमध्ये मिटायचं. एवढी वर्षं आमच्या गल्लीत पोलीस फक्त मतदानाच्या दिवशी यायचा.

त्यांच्या डाव्या हाताचं घर हरिभाऊ कोळेकरांचं. हरिभाऊंचे वडील मेंढरं घेऊन रानोरान हिंडलेले. हरिभाऊ चिकलठाण्यात एका गोदामावर वॉचमन, पण परसातल्या दोन-तीन शेळ्यांचा नाद सुटला नव्हता. दोघांनी प्लॉट एकाच दिवशी घेतले, घरं एकाच उन्हाळ्यात बांधली, एका टँकरचं पाणी वाटून वापरलं. स्लॅब टाकला त्या दिवशी दोघांच्या बायकांनी एकाच चुलीवर भाकरी थापल्या होत्या, असं काकू सांगायच्या. दोन्ही घरांच्या मधे त्यांनी दीड हात रुंदीचा एक बोळ सोडला. थोडी जागा याची, थोडी त्याची, किती कुणाची ते कधी कुणी मोजलं नाही. त्यात काकांचे पाइप उभे असायचे आणि हरिभाऊंच्या शेळ्यांचा चारा. काकांच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्याच बोळात उघडायची. गल्लीत एवढा एकच तुकडा असा होता की ज्याच्याबद्दल काका मपलं म्हणत नव्हते आणि तुपलंही म्हणत नव्हते. “आमचा बोळ” म्हणायचे. हरिभाऊही तसंच म्हणायचे.

हरिभाऊंच्या मुलाचं, दत्ताचं लग्न झालं. घर पुरेना म्हणून वर दोन खोल्या काढल्या. पुढच्या बाजूनं जिना घेतला असता तर खालचा गाळा भाड्यानं देता आला नसता. काका आणि काकू पुण्याला सुनंदाकडं, म्हणजे त्यांच्या मुलीकडं, तिच्या बाळंतपणाला गेले होते. ते परत आले तेव्हा बोळात लोखंडी जिना उभा होता. काकांचे पाइप नीट रचून त्यांच्या शेडमध्ये ठेवलेले होते. जिना त्यांच्या खिडकीला घासून वर जात होता. खाली-वर करणाऱ्याचे पाय थेट पलंगासमोरून जायचे. आणि जिना दुसऱ्या दुकानातून करून आणलेला होता. मला वाटतं, त्यांना पहिला घाव तिथं बसला. त्यांनी जिन्याच्या वेल्डिंगवर बोट फिरवलं, एकदा वर बघितलं आणि हरिभाऊंच्या दारात जाऊन उभे राहिले.

हरिभाऊ बाहेर आले नाहीत. घरात होते, चपला दारात होत्या. दत्ता आला. काकांनी त्याला सांगितलं की जिना पुढून घे, मी स्वतः करून देतो, काही देऊ नको. दत्ता कामावर कुठंतरी वसुलीचं बघायचा. लोकांना उलट प्रश्न विचारायची त्याला सवय झालेली होती. तो म्हणाला, “काका, बोळ कुणाच्या नावावर हाय? कागद दाखवा ना.”

मग तो आणखी म्हणाला, “तुमीच म्हंता ना, ज्याची जागा त्याची मर्जी. निम्मी तर आमची हाय. आमी आमच्या निम्म्यात केला.”

कागद दाखवा, हे आमच्या गल्लीत कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणता येत नव्हतं. सगळ्यांचंच पितळ उघडं पडलं असतं. पण काकांची बोलती बंद झाली ती त्यामुळं नव्हे. पोरानं त्यांचंच वाक्य त्यांना परत दिलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मपलं कसं राखायचं आणि तुपलं कसं सोडायचं हे सगळ्यांना शिकवलं. आपलं कसं राखायचं, ते त्यांनी कधी सांगितलंच नाही. त्याची गरज आहे असं त्यांना वाटलं नसावं. हरी होता ना.

त्या उन्हाळ्यात त्यांनी खिडकी बंद करून घेतली. काकूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्या त्याच खोलीत घामाघूम पडून असायच्या. जिन्याची प्रत्येक पायरी वाजायची. काका हरिभाऊंची वाट बघायचे. हे मला कुणी सांगायला नको होतं. शेडमध्ये काम करता करता हरिभाऊंच्या ड्युटीवरून यायच्या वेळेला ग्राइंडर बंद व्हायचा आणि ते घरात शिरले की पुन्हा सुरू व्हायचा. हरिभाऊ मान खाली घालून जायचे. लाज वाटत असेल, पोराची भीती वाटत असेल, किंवा सुनेला वरच्या खोल्या मिळाल्याचं समाधान असेल. माणसाला तिन्ही एकदम वाटू शकतं. पण ते एकदाही आत आले नाहीत, एवढं खरं.

मी म्हटलं होतं, काका, ग्राइंडर लावून कापून टाका, कोण काय करतंय. ते माझ्यावरच रागावले. “पाच मिन्टाचं काम हाय. पण जिना त्याचा हाय, ताई. दुसऱ्याच्या वस्तूला हात कसा लावू?”

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या दारात जाऊन आरडाओरडा करायचा नाही, आणि जो माणूस एका शब्दानं हे मिटवू शकत होता तो बोलत नाही. असा सगळ्या बाजूंनी अडकलेला माणूस शेवटी काय करतो? पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस काका एक अर्ज घेऊन माझ्याकडं झेरॉक्स काढायला आले. वॉर्ड ऑफिसला लिहिलेला. शेजारच्या घराचा अनधिकृत जिना काढून टाकावा, अशी विनंती. अक्षर पाटीवरच्यासारखंच ठसठशीत. मी कागद मशीनवर ठेवलाच नाही, हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिले.

“काका, तुम्ही?”

“फक्त जिना,” ते म्हणाले. “बाकी कायबी नाय लिहिलं. वाचून बघा.”

मी म्हटलं, ते लोक फक्त जिना बघायला येत नाहीत, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंय. ते म्हणाले, आता दुसरा रस्ता राहिला नाही. मी झेरॉक्स काढून दिली. नसती काढली, तरी त्यांनी दुसरीकडून काढलीच असती.

बरेच महिने काहीच झालं नाही. अर्ज कुठंतरी पडला असेल म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. मग एका सकाळी एक तरुण ओव्हरसियर आला, बरोबर दोन माणसं, लांब टेप, लाल रंगाचा डबा. शिव्या घालाव्यात असा त्याचा चेहराही नव्हता. साधा मुलगा, ऊन लागू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधलेला. त्यानं गेटवरची पाटी वाचली, कडी वाजवली आणि खरंच बाहेर थांबला. काकांनी स्वतः गेट उघडलं. तोवर अर्धी गल्ली दारात आलेली.

“भानुदास साळवे? अर्जदार तुम्हीच ना?” त्यानं मोठ्यानं विचारलं. मोठ्यानं, कारण त्यात लपवण्यासारखं काही असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

काका म्हणाले, “व्हय.”

एवढ्या एका शब्दावर गल्लीनं त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मला आजही आठवते. हरिभाऊ शेळीचं दावं हातात घेऊन उभे होते. त्यांनी दावं खाली टाकलं आणि घरात गेले.

ओव्हरसियरनं जिना बघितला, फोटो काढला. म्हणाला, हे दोन मालकांमधलं खाजगी प्रकरण, यात आम्हाला पडता येत नाही, दिवाणी कोर्टात जा. काका हादरले. मग त्यानं ऑफिसातला, शहराच्या आखलेल्या रस्त्यांचा नकाशा उघडला. नकाशात आमची गल्ली होतीच. पण जमिनीवर होती त्यापेक्षा खूप रुंद. तो आणि एक माणूस टेप धरून चालायला लागले आणि त्यांच्यामागं दुसरा लाल खुणा करत निघाला. निकमबाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कंडक्टरच्या ओट्यावर, हरिभाऊंच्या पुढच्या गाळ्याच्या बरोबर मधून, काकांच्या शेडच्या पलीकडं, त्यांच्या बैठकीच्या खोलीत. लाल रेघ आमच्या घरांमधून अशी गेली, जसं काही घरं तिथं नव्हतीच. जिना मागं, बोळात, रेघेपासून लांब सुखरूप राहिला.

दुसऱ्या दिवसापासून काका ऑफिसच्या चकरा मारायला लागले. आयुष्यात ज्या पायऱ्या चढले नव्हते त्या चढले. अर्ज मागं घेतो म्हणाले. टेबलामागच्या माणसानं त्यांना समजावून सांगितलं, “बाबा, अर्ज मागं घेता येतो. रस्ता मागं घेता येत नाय.” तिथून ते थेट माझ्या दुकानात आले. डोळ्याचे थेंब मागितले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा काउंटरला रेलून उभे राहिले, मी बाटली पुढं केली तरी तसेच. मग म्हणाले, “घरात उंदीर झाला म्हून मी साप आणला, ताई.”

नोटिसा आल्या. कागद नाही म्हणून भरपाई नाही. लोक वकिलाकडं गेले, नगरसेवकाकडं गेले. नगरसेवक म्हणाला, तुमच्यातल्याच माणसानं बोलावलंय, मी काय करू. बाकाची आठवण त्याला असेलच.

जेसीबी आला त्या सकाळी काकांनी आपलं गेट बिजागरीतून स्वतः सोडवलं, शेडचे पत्रे उतरवले, घटनेची फ्रेम काढून काकूंच्या हातात दिली. मग ग्राइंडर आणि पाने घेऊन ते दारोदार निघाले. गल्लीतली बहुतेक गेटं त्यांनीच केलेली होती. मशीननं चेपायच्या आत सोडवून ठेवावीत, पुन्हा लावता येतील, असं ते सांगत होते. कुणी अडवलं नाही. लोक आपापला संसार बाहेर काढण्यात होते. निकमबाईंचं सोडवलं, कंडक्टरचं सोडवलं. निकमबाई भांडी पोत्यात भरता भरता म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या जिन्यापायी माझी चूल गेली.” काका म्हणाले, “व्हय.” आणि नट फिरवत राहिले.

हरिभाऊंच्या दारात मात्र हरिभाऊ गेट धरून उभे होते. कितीतरी महिन्यांनी दोघं समोरासमोर आले. काकांनी पाना लावायला हात पुढं केला.

“राहू दे, भान्या,” हरिभाऊ म्हणाले. “मोडायचंच हाय तर त्यांनाच मोडू दे. तू नको.”

काकांचा हात तसाच राहिला. ते म्हणाले, “हरी, तू एकदा यायचं व्हतं रे.”

“तू एकदा हाक मारायची व्हती,” हरिभाऊ म्हणाले.

बस. मशीनचा आवाज जवळ आला तसे दोघं बाजूला झाले. हरिभाऊंच्या गेटचं काय झालं ते मी बघितलं नाही; मी माझ्या दुकानातली औषधं खोक्यात भरत होते. माझा ओटा गेला, शटर वाचलं.

आज त्या गोष्टीला दोनेक वर्षं झाली. रस्ता झालेला नाही. विटा-मातीचा राडा तसाच आहे, मधून नाली उघडी वाहते, पावसाळ्यात दुचाकी घसरतात. घरं कापलेल्या पावासारखी उभी आहेत; कुणाच्या भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा आता रस्त्यावरून दिसतो. कोळेकरांचा पुढचा भाग गेल्यानं त्यांना घरात शिरायला तो बोळातला जिनाच उरला. हरिभाऊ गुडघे धरत त्याच्यावरून वर जातात आणि आतून शिडी लावून खाली उतरतात. गल्लीतली भांडणं आता चौकीत जातात. निकमबाई आणि कंडक्टरची एकमेकांवर तक्रार आहे, शेवगा तर त्याच दिवशी पडला होता. पोलीस आम्हाला नावानिशी ओळखतात.

काकांना कुणी शिवी दिली नाही. ते बरं झालं असतं. लोकांनी त्यांना फक्त वगळलं. सोडवून ठेवलेली गेटं एकेक करून नेली, नेताना मान वर केली नाही. काकांच्या शेडचे पत्रे भिंतीला टेकवलेले राहिले, काम पुन्हा सुरू झालं नाही. ते उरलेल्या खोलीत दार लावून बसायचे, आणि दार म्हणजे प्लायवूडचा एक तुकडा होता. काकू एकदा औषध न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “जलमभर सरकारला दारात नाय येऊ दिलं ह्यांनी. अन् आणलं ते शेजाऱ्याच्या नावानं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मी गोळ्या मोजून दिल्या.

शेवटी सुनंदा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. सामान फार नव्हतं, लहानसा टेम्पो पुरला. गल्लीतून कुणी बाहेर आलं नाही. कपाट तेवढं जड होतं. ड्रायव्हर आणि काका दोघं ते हलवत होते आणि ते हलत नव्हतं. तेव्हा हरिभाऊ बोळातून आले, कपाटाचं एक टोक धरलं, तिघांनी मिळून ते टेम्पोत चढवलं. हरिभाऊंनी हात झाडले आणि पुन्हा बोळात गेले. काकू टेम्पोत बसल्या बसल्या पदरानं डोळे पुसत होत्या.

टेम्पो निघाला तो माझ्या दुकानासमोर येऊन अडकला. पाडापाडीतले चार-पाच दगड वाटेत आले होते, ड्रायव्हर कुरकुरला. काका खाली उतरले. एक दगड उचलला आणि कंडक्टरच्या उरलेल्या भिंतीशी ठेवायला गेले. तिथं थांबले, भिंतीकडं बघितलं, दगड तसाच हातात घेऊन वळले. समोर निकमबाईंची भिंत होती. खाली रस्ता होता, आणि तो कुणाचा हे आता त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या दारात ठेवा, काका, असं मी आतून म्हटलं. ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल. त्यांनी तो दगड नेऊन टेम्पोच्या मागं, कपाटाच्या पायाशी ठेवला. मग दुसरा. मग उरलेले. ड्रायव्हर आरशातून बघत राहिला. काकांनी मागचा फाळका लावला, कडी नीट बसली का ते हलवून पाहिलं आणि पुढं जाऊन बसले. टेम्पो जालना रोडच्या दिशेनं वळला.